बसल्या उंचीचं घर

मी पाच मीटर लांबीची पोलादी मोजपट्टी. कामावर मला सगळे नुसतं ‘टेप’ म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की माणसं माझ्यावरचे आकडे वाचून निघून जातात. ते कशासाठी हवे होते हे मला कुणी सांगत नाही. म्हणून मी ऐकायला शिकले. जन्मभर डबीत गुंडाळून राहणारीला चौकसपणाखेरीज दुसरा विरंगुळा तो काय?

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पोलादी पट्टी पिवळ्या रंगातून निघाली, तिच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर उमटले, मग तिचे तुकडे झाले. त्यातला एक तुकडा म्हणजे मी. स्प्रिंगसकट मला डबीत कोंबलं आणि टोकाला वाकवलेल्या पत्र्याची चिमटी बसवली. ही चिमटी किंचित हलते. नवखी माणसं म्हणतात, “अरे, ही तर ढिली आहे!” ढिली नाही हो, मुद्दाम तशी ठेवलेली असते. कडेला अडकवली की ती जरा पुढे येते, भिंतीला टेकवली की मागे जाते, म्हणजे पत्र्याची स्वतःची जाडी मापात घुसत नाही.

दुकानात एक पस्तिशीची बाई आली. तिने तीन टेप काढून हवेत आडव्या धरल्या. दोघींनी चार फुटांवरच मान टाकली. मी सहा फुटांपर्यंत ताठ राहिले. “हीच द्या,” ती म्हणाली. ती घरं आखून देणारी आर्किटेक्ट होती, आणि त्या दिवसापासून माझी मालकीण.

तिच्याबरोबर मी पुष्कळ घरं पाहिली. पण सांगण्यासारखं एकच.

एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांची लेक. काकू इस्पितळात होत्या. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं. दहा आठवड्यांनी त्या घरी यायच्या होत्या, चाकांच्या खुर्चीत. त्याआधी घर बदलायचं होतं, म्हणून लेकीने मालकिणीला बोलावलं होतं.

मला वाटलं, आता लगेच बाहेर काढतील. छे! पहिले दोन तास मी पिशवीतच. मालकीण नुसते प्रश्न विचारत होती. सकाळी आधी कोण उठतं? बेल वाजली की दार कोण उघडतं? रोज कोणती वस्तू शोधावी लागते? मला कळेना, दार कोण उघडतं याचा भिंतींशी काय संबंध? पण ती सगळं वहीत उतरवत होती.

“एवढी तोडफोड कशाला?” काका मध्येच म्हणाले. “ती चालायला लागेल तीन-चार महिन्यांत. धरायला दोन दांडे लावा, झालं काम.”

“बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?”

“डॉक्टर पुष्कळ काही म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. भिंती झाल्या, खिडक्यांची उंची झाली, नळ कुठे आहेत ते झालं. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप. डोळ्यांना चौकोनी दिसणारी खोली खरोखर चौकोनी क्वचितच असते. इथलीही दोन इंचांनी तिरकी निघाली. काका स्वतःची पितळी पट्टी घेऊन मागे मागे.

“बाथरूमचं दार चोवीस,” मालकीण म्हणाली.

“साडेतेवीस.”

तिने पुन्हा धरलं. साडेतेवीस! मी मध्ये झोल खाल्ला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आमची मापं काढायला आलात आणि तुमचंच माप चुकलं,” काका म्हणाले आणि त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मधल्या खोलीत खिडकीशी एक दणकट टेबल होतं. वर लोखंडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, टोचे, सरसाचा डबा आणि कण्यातून सुटलेल्या पुस्तकांची चळत. काकू पुस्तकं बांधायच्या. गावभरची फाटकी पुस्तकं या टेबलावर येऊन धडधाकट होऊन जायची.

“हे काढून टाकू,” लेक हलक्या आवाजात म्हणाली. “आता तिच्याने कुठलं होतंय! तिथे तिची देखभाल करणाऱ्या सेविकेचा पलंग बसेल.”

मालकिणीने मान डोलावली. मी टेबल मोजलं, पाच फूट बाय तीन, आणि वहीत त्या जागी ‘पलंग’ असं लिहिलं गेलं. मला चुटपुट लागली. पण मला विचारतो कोण?

आठवड्याभरात पहिला नकाशा तयार झाला. काकांचा आणि लेकीचा होकार आला. मालकीण म्हणाली, “काकूंना दाखवून येऊ,” आणि आम्ही सगळे इस्पितळात गेलो.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पण बोटं सुतारासारखी. त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “दांडे आहेत, पलंग आहेत, उतार आहे. यात मी कुठे आहे?”

“ही काय काकू, ही तुमची खोली.”

“ही तर पेशंटची खोली. माझं टेबल कुठे गेलं?”

लेक खाली वाकली. “आई, तुला दमायला होईल गं.”

“पाय गेलेत माझे. हात कुठे गेलेत?”

मी मालकिणीच्या मुठीत होते. अशा वेळी आर्किटेक्ट मंडळी बाजू मांडू लागतात, हे मी पाहिलंय. तिने तो कागद गुंडाळून ठेवला.

“चुकलं माझं, काकू. घरातल्या सगळ्यांना विचारलं, तुम्हाला सोडून.” मग ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि मला उघडलं.

आजवर मी भिंती मोजल्या होत्या, माणूस कधी मोजला नव्हता. गुडघा जमिनीपासून किती वर? पंचवीस इंच. कोपर? अठ्ठावीस. वर हात केला तर बोटं कुठवर? पन्नास. पुढे वाकून कुठवर? काकूंना गुदगुल्या झाल्या. “शिंपीसुद्धा एवढी मापं घेत नाही गं!” शेवटी खुर्चीची रुंदी घेऊन मालकीण म्हणाली, “साडेतेवीस इंचांतून ही जाणार नाही, दारं रुंद करावी लागतील.”

काका दाराशीच उभे होते. “पण दारं फोडायची म्हणजे...” ते काकूंकडे वळले. “म्हणजे तू चालणार नाहीस, असं आपणच ठरवल्यासारखं होतं.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, मी चालायला लागले, तर रुंद दारातून चालता येत नाही का?”

काकांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. लेक खिडकीबाहेर बघू लागली. मला तेव्हा समजलं, की दाराच्या रुंदीवरून चाललेलं भांडण दाराचं नव्हतंच.

नवा नकाशा झाला. पलंग भिंतीत उभा मिटणारा, टेबल खिडकीशी, काकूंच्या मापाने उंची बदललेलं. मग सामान शेजाऱ्यांकडे हलवलं आणि मालकिणीने रिकाम्या फरशीवर खडूने सगळं खऱ्या मापात काढलं. इथे ओटा, इथे टेबल, इथे दार. कागदावरचं कळत नाही, पायाखालचं कळतं, असं ती म्हणते. तिने एक चाकांची खुर्ची मागून आणली होती.

“काका, बसा.”

“मी?”

“बसा तर खरं.”

काका बसले. जुन्या बाथरूमच्या दारात खुर्ची शिरलीच नाही. जोर केला तेव्हा चौकटीवर त्यांची बोटं सोलवटली. टेबल आणि घड्याळांचं कपाट यांच्यामध्ये त्यांना खडूची रेघ न ओलांडता वळता येईना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. कुणी सांगितलेलं नसताना ते अर्धा तास तेच करत होते. मग उठले आणि मालकिणीच्या हातातून मला घेतलं.

“इथे अजून चार इंच हवेत.”

“चार इंच घेतले तर तुमचं घड्याळांचं कपाट जातं, काका.”

“ते चढवा वर भिंतीवर. मला उभं राहता येतं.”

त्यानंतर ते कधी दांड्यांवर अडून बसले नाहीत.

मग आली धूळ. नकाशातली भिंत आणि खरी भिंत यांत केवढा फरक! फोडली तर आतून पाण्याचा पाइप निघाला, कुणाला माहीत नसलेला. दार एका बाजूला सरकवून घ्यावं लागलं, म्हणजे नकाशा पुन्हा बदलला. माझ्या डबीत सिमेंट शिरलं, माझे पहिले तीन इंच घासून फिकट झाले. पण मला मजा वाटत होती. वहीतली रेघ विटांमध्ये उतरताना पाहणं हे काही थोडंथोडकं नाही.

काकू यायला आठ दिवस उरले आणि मिस्त्रीने बाथरूमच्या दारात एक इंचाची कड बांधून ठेवली. मालकिणीने मला उभं धरलं. “मिस्त्री, नकाशात इथे शून्य आहे.”

“मॅडम, पाणी बाहेर येईल. तीस वर्षं बाथरूमं करतोय मी. एका इंचाने काय होतंय?”

ती काही बोलणार, एवढ्यात काका खुर्ची ढकलत आले. “मिस्त्री, जरा बसता का यात?”

मिस्त्री हसत बसला. पुढची छोटी चाकं कडेला अडली. त्याने जोर लावला, खुर्ची मागे कलली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी चौकट धरून स्वतःला ओढून पाहिलं. मग उठला, कुणाकडे न बघता छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि स्वतःच ती कड फोडली.

दोन दिवस लागले. सगळी फरशी कोपऱ्याकडे उतरती केली, दारात जाळीची अरुंद पन्हळ बसवली. शेवटी त्यानेच सगळ्यांना बोलावलं आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी कोपऱ्याकडे धावलं, दाराकडे आलेलं जाळीत गडप झालं. बाहेर थेंब नाही! “ही पद्धत आता सगळीकडे करतो बघा,” तो म्हणाला, जणू त्यानेच शोधून काढली होती.

काकू आल्या त्या सकाळी दारापाशीच म्हणाल्या, “कुणी ढकलू नका.” उतार त्या एकट्याच चढल्या. बोळ ओलांडला, स्वयंपाकघरात एक पूर्ण गिरकी घेतली आणि मधल्या खोलीत टेबलाशी येऊन थांबल्या. दोन्ही हात लाकडावर ठेवले.

“एक इंच उंच झालंय.”

मला धडकीच भरली. पण चूक माझी नव्हती. इस्पितळातल्या खुर्चीची बैठक या नव्या खुर्चीपेक्षा इंचभर उंच होती, आणि ते विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मालकिणीने कपाळाला हात लावला आणि हसली. सुताराने दुपारीच टेबलाचे पाय कापले.

काकू चालायला लागल्या का, असं तुम्ही विचाराल. नाही. दांड्याला धरून उभ्या राहतात. काका शेजारी घड्याळ घेऊन असतात. काल अकरा सेकंद झाले.

माझी स्प्रिंग आता धड ओढत नाही, हाताने आत सारावं लागतं. मालकिणीने नवी टेप घेतली आणि मला टाकून द्यायला निघाली, तेव्हा काकू म्हणाल्या, “मला दे ती. पुस्तकाला काही पाच मीटर लागत नाहीत.” म्हणून मी या टेबलावर राहते आणि पुस्तकांच्या पाठी मोजते. रुंदी सव्वा इंच, उंची नऊ. सुखाचं काम आहे.

जाता जाता एवढंच मागते. घर करायला काढाल तेव्हा आमच्यासारखीला भिंतीशी न्यायच्या आधी, ज्याला त्या घरात दिवस काढायचे आहेत त्याच्याजवळ बसा. त्याचा हात कुठवर पोचतो ते त्यालाच विचारा.

येते मी. एका जुन्या शब्दकोशाचे पुठ्ठे कापायचे आहेत आणि काकू केव्हाच्या ओरडतायत, “अहो, टेप कुठे ठेवलीत?”