काकू दुसऱ्या मजल्यावर

ऑफिसात माझ्या टेबलामागची भिंत पिवळ्या चिठ्ठ्यांनी भरलेली आहे. कॉम्प्युटरमध्ये इमारतीचं मॉडेल कसं उभं करायचं, याच्या त्या सूचना. पहिली चिठ्ठी म्हणते, ‘आधी मजले ठरवा, मग भिंती.’ तिसरी म्हणते, ‘चहाला उठण्याआधी आपलं काम सगळ्यांच्या फाइलमध्ये जमा करा, नाहीतर चहा कडू लागेल.’ सातवी जरा रागात लिहिलेली आहे, ‘एक दार बदललंत तर त्या प्रकारची सगळी दारं बदलतात. डोकं ठिकाणावर ठेवा.’ या चिठ्ठ्यांमुळे मला सगळे मास्तरीण म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात.

सातवी चिठ्ठी पेन्सिलकाकांमुळे लिहावी लागली. काका आमचे सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. छत्तीस वर्षं हाताने नकाशे काढले. कानामागे पेन्सिल, आणि चष्मा सापडत नसला तरी ती मात्र जागेवर. हाताने नकाशे काढायचं काम बंद होत गेलं, तसे काका खिडकीजवळच्या त्या मोठ्या उतरत्या टेबलाशी एकटेच उरले. मग एका सोमवारी साहेबांनी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं.

“आजारातून उठणाऱ्यांचं ते केंद्र आहे ना, त्याचे नकाशे काका मॉडेलमधून काढतील,” साहेब म्हणाले. “महिन्याचा शेवटचा शुक्रवार, दुपारी बारा. तुम्ही शिकवा.” मला बाजूला घेऊन म्हणाले, “नाही जमलं तर काकांना आता आराम देऊ. त्यांना मी सांगितलंय.”

आराम हा शब्द साहेबांनी फारच मऊ उच्चारला.

शिकवण्याच्या बाबतीत माझ्याकडे धीर नाही, हे मी कबूल करते. काका माउस असा धरायचे जणू तो उडून जाईल. “भिंत काढायची नाही काका, उभी करायची. तिला पायथा सांगा, उंची सांगा, जाडी सांगा. मग नकाशात ती आपोआप दिसते.” काका मान डोलवायचे आणि पुन्हा दोन समांतर रेषा मारायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सामानाच्या खोलीचं दार रुंद केलं आणि केंद्रातली सगळीच्या सगळी एकेचाळीस दारं रुंद झाली. बाथरूमची दारं भिंतीतून बाहेर आली. साहेबांच्या केबिनमधून आवाज आला, मी धावत सुटले आणि परत येऊन ती सातवी चिठ्ठी लिहिली.

काका ओशाळले नाहीत, एवढंच म्हणाले, “मास्तरीणबाई, यात आत कुठून जायचं?”

“आत म्हणजे?”

“कागदावर दार काढलं की मी त्यातून आत जायचो. हात आपोआप हळू व्हायचा. जिना काढताना एकेक पायरी चढायचो. इथे सगळं तयार येतं. दार दाबलं की दार. मी बाहेरच राहतो.”

मी म्हटलं, आत जाण्यासाठी चालायची सोय आहे, पण ती शेवटच्या आठवड्यात शिकवते. तेव्हा मला काय ठाऊक, की हा माणूस रोज संध्याकाळी कुणालातरी घेऊन आत जातो.

ते कळलं दुपारच्या डब्याच्या वेळी. त्यांची बायको, म्हणजे काकू, अडीच वर्षांपूर्वी पडल्या. पाठीच्या मणक्याला मार बसला आणि पाय गेले. दवाखान्यात अकरा आठवडे काढले, तेव्हापासून घरी पलंगावर. काका संध्याकाळी घरी गेले की हातपाय धुऊन पलंगाशी बसायचे आणि काकू विचारायच्या, “आज कुठे नेताय?” मग काका दिवसभर काढलेल्या इमारतीत त्यांना फिरवायचे. नुसतं बोलून. इथे दार आहे, सांभाळ, उंबरा नाही. इथून वळलो. हा व्हरांडा, उजवीकडून ऊन येतंय. आता जिना, मोज पायऱ्या. काकू डोळे मिटून मोजायच्या. मध्येच दमल्या तर काका त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचे.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता काय. आठ दिवस झाले, घरी सांगायला काही नाही,” काका डब्याचं झाकण लावत म्हणाले. “ही विचारत नाही. आधी विचारायची. मला वाटतं तिला कळलंय की मीच आत जात नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, वय झालंच आहे. पण मग मी हिला नेऊ कुठे?”

मला एकदम रडू आलं, म्हणून मी त्यांना मजल्यांच्या उंचीवरून ओरडले.

त्यानंतर काका सुधारले. इतके, की माझा विश्वास बसेना. नकाशे एकामागून एक तयार व्हायला लागले आणि काय सुंदर! जिन्याच्या छेदात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या नकाशात, कठड्याची रेघ वळणावर जराशी जाड होऊन पुन्हा बारीक होत होती. मशीनला असलं काही सुचत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण साहेब खूश झाले, मला म्हणाले, “मास्तरीण ती मास्तरीणच.” मी हवेत होते. काकाही सकाळी हसतमुख यायचे. “काल व्हरांड्यात होतो,” म्हणायचे. “काल जिना चढलो.”

शेवटच्या गुरुवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, शेवटची तपासणी म्हणून मी मॉडेलमध्ये चालायला निघाले. बाणाचं बटण दाबून धरलं की कॅमेरा चालायला लागतो. दारातून आत आले, स्वागताची खोली ओलांडली, व्हरांडा संपला, जमिनीलगतचा पहिला मजला बघितला आणि वर जायला वळले. समोर कोरी भिंत. वर बघितलं तर अख्खा स्लॅब. लिफ्ट तिची कंपनी मागाहून घालणार होती, आणि जिना नाही. दुसऱ्या मजल्यावर सोळा खोल्या, सोळा पलंग, आणि तिथे जायला वाटच नाही.

मी नकाशा उघडला. नकाशात जिना होता. छेद उघडला, छेदातही होता. मग एकेका रेषेवर बोट ठेवलं आणि माझा पारा चढला. सगळ्या नुसत्या रेषा. काकांनी प्रत्येक नकाशावर वेगळा, हाताने जिना काढला होता आणि खालचा स्लॅब दिसू नये म्हणून त्यावर पांढरं ठिगळ लावलं होतं. कागदावर इमारत पूर्ण होती, मॉडेलमध्ये अर्धी.

“काका, हे काय केलंत तुम्ही? हेच मॉडेल उद्या सळ्या आणि काँक्रीट मोजायला जाणार. उद्या बारा वाजता! पंधरा दिवस मी घसा फोडून काय सांगत होते?”

ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या. काकांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. “ते जिन्याचं बटण ऐकत नव्हतं. दर वेळी सांगायचं, वरच्या मजल्याला पोचत नाही. तुम्हाला तीनदा विचारून झालं होतं, चौथ्यांदा लाज वाटली. म्हटलं, काढू या हाताने. वीस पायऱ्या आहेत, दहावर वळण. मी रोज चढलोय.”

“रेषांवरून कोणी चढत नाही.”

“मी चढलो,” ते अगदी हळू म्हणाले. मग जरा वेळाने, “मास्तरीणबाई, एक अडचण झाली आहे. काल संध्याकाळी मी हिला वर घेऊन गेलो. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. ती दमली, म्हणाली आज इथेच राहते. मी तिला तिथे ठेवून आलो.”

मी पुन्हा स्क्रीनवरच्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं.

“आता जिनाच नाही म्हणता. मग ती खाली कशी येणार?”

हे ऐकून कोणी हसेल. मी नाही हसले. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन ऑफिसच्या फरशीवर तिरपं पसरलं होतं, आणि मला खरोखर वाटलं की वर कोणीतरी बसलेलं आहे आणि आपण खाली उभे आहोत. माझा राग कुठे गेला कोण जाणे. “खुर्ची जवळ घ्या,” मी म्हटलं. “आणि पेन्सिल कानामागे ठेवा, तुम्ही उघडे दिसता.”

चूक लहानशी निघाली. हाताने काम केलेला माणूस उंची मोजतो ती फरशीच्या वरच्या अंगापासून, कारण पाय तिथे पडतो. मी मॉडेलमध्ये मजले बांधले होते ते स्लॅबवर. फरशीचे पाच सेंटीमीटर दर वेळी मध्ये येत होते आणि जिना हट्टाने पोचत नव्हता. पंधरा दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं, की काका, तुम्ही कुठून मोजता? मी नुसती ओरडत होते.

आम्ही ठिगळं काढली, रेषा पुसल्या. काकांनी स्वतः स्लॅबमध्ये जिन्यापुरती जागा कापली, पायथा सांगितला, माथा सांगितला. जिना उभा राहिला. वीस पायऱ्या, दहावर वळण. मी बाणाचं बटण त्यांच्या बोटाखाली दिलं. काका चढले. चढताना ओठ हलत होते, अठरा, एकोणीस, वीस. वरच्या व्हरांड्यात चारचं ऊन लावून ठेवलं होतं मी, ते भिंतीवर होतं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडंच होतं.

आत जाऊन काका थांबले. “हे डोळे कोणाचे?”

“कोणाचे म्हणजे? कॅमेऱ्याचे.”

“किती उंचीवर आहेत?”

मी बघितलं. एक मीटर सत्तर. प्रोग्रॅम येतो तेव्हापासून तेवढेच असतात. नऊ वर्षांत मी तो आकडा एकदाही बदललेला नव्हता. एका धडधाकट, उंच माणसाच्या डोळ्यांनी मी शाळा बघितल्या, पाळणाघरं बघितली, आणि हे केंद्रही.

“पलंगावर न्या,” काका म्हणाले. “उशीवर.”

मी पंचाहत्तर सेंटीमीटर लिहिलं आणि कॅमेरा पलंगावर आणला. खोली एकदम मोठी झाली. टेबलाची खालची बाजू दिसायला लागली. खिडकीची कड एक मीटर पाच सेंटीमीटरवर, म्हणजे डोळ्यांच्या वर भिंत, आणि तिच्या वर आकाशाचा एक चौकोन. बाकी काही नाही.

“तरीच काल ती म्हणाली,” काका स्क्रीनकडे बघत राहिले. “मी म्हटलं, बघ किती छान खिडकी आहे. तर म्हणे, हो, नुसतं आभाळ. फाटक कुठाय? मला वाटलं चेष्टा करते. अहो, दवाखान्यात अकरा आठवडे तिने आभाळच बघितलं. मी रोज पाच वाजता जायचो, तर तिला दारात उभा राहीपर्यंत दिसायचो नाही. साडेचारपासून पावलं ऐकत पडायची. प्रत्येक पाऊल तिला माझंच वाटायचं.”

बराच वेळ आम्ही दोघं त्या उशीवरून आकाश बघत बसलो. मग काका म्हणाले, “ती सातवी चिठ्ठी. एक बदललं की सगळं बदलतं. खिडकीलाही तसंच?”

“खिडकीलाही तसंच.”

काकांनी खिडकीचा प्रकार उघडला, जपून, जणू झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताहेत. खालची कड पंचेचाळीसवर आणली. मी मध्ये पडले, पडायचा धोका आहे, खालची काच न उघडणारी हवी आणि आडवी दांडी हवी. तेही घातलं. बटण दाबलं. दोन्ही मजल्यांवरच्या बत्तीस खिडक्या एका श्वासात खाली आल्या, बत्तीस पलंगांसाठी. आम्ही पलंग खिडकीजवळ सरकवला. उशीवरून अंगण दिसलं, अंगणातलं झाड, आणि झाडाच्या पलीकडे फाटक.

शुक्रवारी साडेअकराला साहेबांनी विचारलं, की खिडक्यांना कोणी हात लावला? मी जिन्याची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या ओरडण्यासकट. मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा उशीवर ठेवला, आधी जुनी खिडकी दाखवली, मग नवी. साहेब बघत राहिले. मग म्हणाले, “नकाशे पाठवा. आणि काका, शाळेचं नवं काम आलंय ना, ती शाळापण एकदा अशीच बघा. सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी.” आरामाचा विषय त्यानंतर निघाला नाही. भिंतीवर काकांच्या ताठ, मोजून काढलेल्या अक्षरात एक नवी चिठ्ठी लागली, ‘डोळे कोणाचे, ते आधी ठरवा.’

सोमवारी काका जरा उशिरा आले. मी कामात डोकं घातलं होतं, पण शनिवार-रविवार माझ्या मनात एकच होतं. विचारायला संकोच वाटत होता. शेवटी विचारलंच.

“उतरल्या का काकू?”

काकांनी डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली. “जिना छान झालाय म्हणाली. पायऱ्या बरोबर वीस आहेत, मोजल्या तिने.”

“म्हणजे उतरल्या.”

“नाही, माझी पावलं ऐकून मोजल्या,” काका म्हणाले. “म्हणाली, तुम्ही एकटेच खाली जा. आणि फाटकातून परत या. मला बघू दे.”