ओल्या धोतराची दुसरी बाजू

लोणावळ्यात पाऊस थांबला तरी ओल लवकर जात नाही. भिंती वाळतात, अंथरुणं वाळतात, पण लाकडी पेटीतली ओल दिवाळी उलटली तरी रेंगाळत असते. दीनानाथ मास्तरांचं सिनेमाचं यंत्र म्हणूनच पावसाळाभर त्यांच्या पत्नीच्या, मुक्ताबाईंच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला असे. चुलीच्या वरच्या फळीवर पत्र्याचा डबा, डब्यात यंत्र आणि यंत्राच्या पोटाशी भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी. तांदूळ मऊ पडले की मुक्ताबाई ते पुन्हा भाजत, गार करत आणि पुरचुंडी परत आत ठेवत. एका वर्षी आळस झाला होता, तर भिंगावर बुरशीची बारीक जाळी चढली आणि पडद्यावरच्या माणसांच्या तोंडांवर महिनाभर कोळिष्टकं दिसत राहिली.

यंत्र लहानसंच होतं, दोन शेर दुधाच्या चरवीएवढं. वळवणच्या बंगल्यातले एक साहेब विलायतेला परत जाताना ते मास्तरांना देऊन गेले होते. मास्तरांनी त्यांच्या मुलाला चित्रकला शिकवली होती, त्याची ही आठवण. पुण्यात तेव्हा बोलपट सुरू झाले होते. हे यंत्र मुकं होतं आणि हाताने फिरवावं लागे. त्याची मौज अशी की दिव्याची वीजही त्याच हँडलातून निघे. हात चालला तर दिवा, हात थांबला की काळोख. त्यामुळे एखादं चित्र आवडलं म्हणून ते थांबवून बघता येत नसे.

"गोष्टीचं असंच असतं," मास्तर मुलांना म्हणत. "सांगणारा थांबला की राजाही नाही आणि राणीही नाही."

पौषातल्या त्या दुपारी मास्तर ओसरीवर यंत्र मांडून बसले होते. शेजारी इंदू होती. इंदू म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावाची मुलगी, आठ वर्षांची. तिचे आईवडील जवळच्या भाजे गावात राहत. शाळेसाठी तिला इथे काका-काकूंकडे ठेवली होती. या घरात दुसरं मूल नव्हतं.

"भिंग कशाने पुसायचं?" मास्तरांनी विचारलं.

"जुन्या मलमलीने."

"नवी का नको?"

इंदूने विचार केला. "नवीला खळ असते."

"शाब्बास. आणि तेल?"

"एकच थेंब. दुसरा थेंब फिल्म पिते."

माजघरात मुक्ताबाई तीळ निवडत होत्या. त्यांचं लक्ष तिळांवर कमी आणि ओसरीवर जास्त होतं. मास्तरांनी मलमलीचा तुकडा पुढे केला, तेव्हा इंदूचा डावा हात आपसूक वर आला, अर्ध्या वाटेत थांबला आणि खाली गेला. मग उजवा हात पुढे झाला, परक्याच्या घरात शिरल्यासारखा बिचकत. डाव्या मनगटावर तांबड्या कापडाची चिंधी बांधलेली होती. ती मुक्ताबाईंनीच बांधली होती.

इंदू डावखुरी होती. तिला पोचवायला आलेली जाऊ जाताना म्हणाली होती, "वहिनी, तेवढं हाताचं वळण लावा. उद्या सासरी डाव्या हाताने वाढलं, तर लोक मला नावं ठेवतील." मुक्ताबाईंनी शब्द दिला होता. त्या मारणाऱ्या नव्हत्या, रागावणाऱ्याही नव्हत्या. दिवाळी झाल्यावर त्यांनी फक्त चिंधी बांधली आणि सांगितलं, "ही दिसली की आठवण ठेवायची." आणि त्याच वेळी आणखी एक सांगितलं, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारातली रांगोळी तू काढायचीस. पण उजव्या हाताने. नाहीतर मी काढीन."

तेव्हापासून इंदूने रांगोळीला हात लावला नव्हता. पाटीवर चित्र नाही, भिंतीवर कोळशाची रेघ नाही. उजव्या हाताने काढलेली रेघ तिला स्वतःलाच बघवत नसे आणि डाव्याने काढायची नव्हती. संक्रांत चार दिवसांवर आली होती. मुक्ताबाईंना आत कुठेतरी टोचत होतं. पण वळण लावताना थोडं टोचायचंच, अशी त्या मनाची समजूत घालत.

त्या दिवशीच मुंबईहून टपालाने एक चपटी डबी आली होती. मास्तरांचा भाचा श्रीपाद दिवाळीला आला होता, तेव्हा त्याने मित्राचा कॅमेरा आणला होता. अंगणात उभं राहून त्याने सगळ्यांची चित्रं घेतली होती. ती फिल्म धुऊन आली होती.

"आज दिवेलागणीला बघू," मास्तर म्हणाले. "धोतर भिजव."

पडदा म्हणजे मास्तरांचं एक झिरझिरीत झालेलं धोतर. ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या दारात ते ताणून बांधायचं. पुरुष ओसरीवर यंत्राच्या बाजूला बसत आणि बायका आत माजघरात, धोतराच्या पलीकडे. कोरड्या कापडातून चित्र आत उतरत नसे. म्हणून धोतर भिजवून, पिळून बांधायचं आणि मधूनमधून आतून पाण्याचा हबका मारायचा. ते काम मुक्ताबाईंचं. त्यांनी पाणी शिंपडलं की अंधुक झालेली माणसं पुन्हा टवटवीत होत. झाडांना पाणी घालावं तसंच ते त्यांना वाटे.

त्यांनी आजवर सगळं चित्र आतूनच पाहिलं होतं. समुद्र, बर्फ, सायकलवरून पडणारा एक जाडा गृहस्थ. मधूनच इंग्रजी अक्षरं येत. ती त्यांना वाचता येत नसत, त्यामुळे ती कशी दिसतात याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

दिवेलागण झाली. डोंगराकडून गार वारा आला. ओसरीवर मास्तर आणि शेजारचे दोघे-तिघे बसले. आत मुक्ताबाई, इंदू, शेजारच्या शालूबाई आणि वळवणहून दूध घालणारी धोंडाबाई. धोंडाबाई चरवी मांडीशी घेऊनच बसली होती.

"वैनी, त्यो सायकलवाला आज पडनार का?"

"आज तो नाही. आज आपणच आहोत."

"आपून? मग कोन पडनार?"

कंदिलावर टोपली झाकली. मास्तरांनी फिल्म सुईत दोरा ओवावा तशी ओवली, हँडल फिरवलं, आणि ओल्या धोतरावर त्यांचं अंगण उमटलं. रंग नव्हता, आवाज नव्हता. पण ऊन होतं, दिवाळीचं कोवळं ऊन, अंधाऱ्या माजघरात. पाण्याच्या थेंबांतून ते झिरपत होतं आणि अंगण एखाद्या विहिरीच्या तळाशी असल्यासारखं हलत होतं.

अंगणात इंदू रांगोळी काढत होती. डोकं खाली, वेणी पुढे आलेली. चिमटीतून पांढरी रेघ अशी सुटत होती की जणू ती आधीच जमिनीत होती आणि इंदू तिच्यावरची माती तेवढी बाजूला करत होती. एक पाकळी, दुसरी पाकळी. मुक्ताबाई बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी शालूबाईंचा हात धरला.

"उजवा हात," त्या पुटपुटल्या. "बघा ना. उजव्या हाताने काढतेय."

आपण उगाच काळजी केली. उजव्या हातात कला होतीच, पोरीने लाजून लपवून ठेवली होती. त्यांनी इंदूला जवळ ओढलं. इंदू पडद्याकडे टक लावून बघत होती. तिच्या तोंडावर आनंद नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

चित्र पुढे सरकलं. वसुबारस. धोंडाबाईची गाय आणि वासरू अंगणात उभे, आणि नऊवारी नेसून, नथ घालून, ताम्हन घेऊन मुक्ताबाई समोर आल्या. स्वतःला असं चालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावरच्या मुक्ताबाईंनी बोटावर कुंकू घेतलं आणि गाईच्या कपाळाला लावलं.

डाव्या हाताने.

"अगं बाई," शालूबाई हळूच म्हणाल्या.

"वैनी, ही माजी कपिली न्हाई," धोंडाबाई म्हणाली.

"काय बोलतेस?"

"माज्या गायीचं डावं शिंग मोडल्यालं हाय. हिचं बगा, उजवं मोडलंय. मी पाच कोस गाय चालवत आनली आन् तुमी दुसऱ्याच कुनाची ओवाळली व्हय?"

"वळवण पाच कोस कधी झालं?" शालूबाई म्हणाल्या.

"गाय म्होरं घालून चाला, मग मोजा."

मुक्ताबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावरची बाई डाव्या हाताने अक्षता टाकत होती, डाव्या हाताने घास भरवत होती, आणि तिच्या तोंडावर किती समाधान होतं. नथ उजव्या नाकपुडीत होती. तुळस विहिरीच्या पलीकडे गेली होती. साऱ्या आयुष्यात ज्या हाताने त्यांनी देवाला फूल वाहिलं नव्हतं, तो हात तिथे निवांतपणे सगळं करत होता. गाईने घास खाल्ला होता. तिने हाताकडे पाहिलंही नव्हतं.

त्या उठल्या. ओलं धोतर एका कडेने उचलून वाकून ओसरीवर आल्या. फिल्मच्या शेवटी श्रीपादने पुन्हा इंदूला घेतलं होतं. पडद्यावर पडायचं ते चित्र त्यांच्या पदरावर पडलं. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या छातीशी, पदराच्या चुण्यांवरून, एक लहानसा उजेडाचा हात फिरत होता आणि त्यामागे पाकळी उमटत होती. मग फिल्म संपली, हँडल थांबलं, काळोख झाला.

"अहो," काळोखात त्या म्हणाल्या, "परत फिरवा. मला इथून बघायचंय."

मास्तरांनी कंदिलावरची टोपली काढली. कंदिलाच्या उजेडात फिल्म उलटी गुंडाळली, गुंडाळताना कुठे चरा नाही ना ते बोटांनी चाचपलं, आणि पुन्हा ओवली. मुक्ताबाई त्यांच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. ओसरीवरून चित्र बघायची त्यांची ही पहिलीच वेळ. तुळस जागेवर आली होती. नथ जागेवर होती. मुक्ताबाई उजव्या हाताने ओवाळत होत्या. आणि इंदू डाव्या हाताने रांगोळी काढत होती. पाकळ्या मात्र त्याच होत्या. इकडून पाहिलं काय आणि तिकडून पाहिलं काय, एकही वाकडी नव्हती.

चित्र संपल्यावर मास्तरांनी इंदूला बाहेर बोलावलं. पतंगाचा एक पातळ कागद घेतला. "यावर तुझा हात ठेव. कुठलाही." इंदूने काकूकडे पाहिलं आणि डावा ठेवला. मास्तरांनी पेन्सिलने भोवती रेघ काढली, कागद कंदिलासमोर धरला. "हा कुठला?"

"डावा."

"आता कंदिलाकडून, माझ्या बाजूने ये. काय दिसतं?"

इंदू वळसा घालून गेली. बराच वेळ बघत राहिली. पुन्हा इकडे आली. पुन्हा तिकडे गेली.

"उजवा," ती म्हणाली.

"कागद फिरला का?"

"नाही. मी फिरले."

"हां."

धोंडाबाईनेही दोन्हीकडून वाकून पाहिलं. "मंजी गाय माजीच हाय," ती म्हणाली आणि निश्चिंत होऊन चरवी उचलून निघाली.

सगळे गेल्यावर मुक्ताबाई धोतर सोडवत होत्या. इंदू दुसरं टोक धरून उभी होती.

"काकू, म्हणजे मी आतल्या बाजूने उजवी आहे?"

"तसं दिसतं खरं."

"मग संक्रांतीला सगळ्या बायकांना आत बसवू या का? दारात धोतर बांधू. मी बाहेर रांगोळी काढीन. त्यांना उजवी दिसेल. तुम्हाला नावं ठेवणार नाहीत."

मुक्ताबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या हातातलं ओलं धोतर तसंच राहिलं आणि त्याचं पाणी पायावर ठिबकत राहिलं. ही एवढीशी पोर काकूचं नाव राखायला धोतराआड लपायला तयार होती.

"नको गं," त्या म्हणाल्या. "एवढ्या बायका माजघरात मावायच्या नाहीत."

सकाळी वेणी घालताना त्यांनी इंदूचा डावा हात मांडीवर घेतला. चिंधीची गाठ रोजच्या आंघोळीने आवळून बसली होती. नखाने सुटेना, मग दाताने सोडवली. खाली मनगटावर फिकट पट्टा उमटला होता. मुक्ताबाईंनी त्यावर बोटभर तेल लावलं आणि चोळत बसल्या, आवश्यक होतं त्याहून बराच वेळ.

"तुझ्या आईला मी सांगेन," त्या म्हणाल्या. "वळण लागलंय म्हणून."

संक्रांतीला दारात इंदूने सूर्याचा रथ काढला. बायका येत होत्या, उंबऱ्याशी थबकत होत्या.

"डाव्या हाताने काढतेय का हो ही?" एकीने विचारलंच.

"डाव्याच," मुक्ताबाई कुंकवाचा करंडा उघडत म्हणाल्या. "घोडे बघा तिचे. धावतील असं वाटतं की नाही?"

तिळगूळ वाटायची वेळ आली तेव्हा इंदू पुन्हा घुटमळली. डावा वर झाला, खाली गेला. मुक्ताबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, जोडून ओंजळ केली आणि त्या ओंजळीत तिळगूळ ठेवला.

"असं द्यायचं," त्या म्हणाल्या. "एका हाताने कमी पडतं. ओंजळीने दे."

पहिली ओंजळ धोंडाबाईला मिळाली. तिने ती पदरात घेतली आणि रथाच्या घोड्यांकडे मान तिरकी करून पाहिलं.

"वैनी, म्होरल्या वसुबारसेला गाय कुनीकडून उबी करू तेवडं आदी सांगा," ती म्हणाली. "तिचं चांगलं शिंग दिसाया पायजे."