माझं नाक बुजलं होतं

मित्रांनो, माझ्या गंजलेल्या पत्र्याकडे बघून हसू नका. मी एक जुनी जीप आहे. माझी चारही चाकं ओढणारी, म्हणून इगतपुरीपुढच्या डोंगरात, जिथे एसटी थांबते, तिथून पुढे मीच.

कारभारीनाना माझे मालक. त्यांच्या बायकोच्या, सविताकाकूंच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना नाशिकला नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून आणायचं, हे माझं काम. दोन वर्षं एकही खेप चुकली नव्हती.

आषाढात माझ्या मागच्या बाजूने 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. एका मेकॅनिकने टायर बदलले. दुसऱ्याने चाकाचं बेरिंग बदललं. तिसऱ्याने गिअरबॉक्स उघडून पुन्हा मिटला. दुखत होतं एकीकडे, औषध चाललं होतं दुसरीकडे! मी बोलू शकत नव्हते. नुसती ओरडत होते.

एका सोमवारी मी चिखलात अडकले, ती बुधवारी निघाले. खेप चुकली. गुरुवारपर्यंत काकूंचं तोंड सुजलं, आडवं झालं की त्यांना श्वास पुरेना. नानांनी त्यांना माझ्यात बसवलं, आणि पहिल्याच चढाला माझ्या पोटात खाडकन आवाज झाला. मी थांबले.

फोन केल्यावर हायवेवरून भिकन मेकॅनिक मोटारसायकलवर भिजत आला.

"नाना, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ओरडायची आणि सोडला की गप्प व्हायची ना?"

"व्हय."

"मग टायर कशाला बदलले? टायर काय तुमचा पाय बघून ओरडतो?"

तो माझ्याखाली शिरला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. त्याचा नट त्याने काढला. तेल आलंच नाही. बोटाला काळा चिखल लागला, त्यात लोखंडाचा चमचमता चुरा.

"आतल्या गिअरचे दात झिजले, एखादा तुटलाही." मग त्याने वरची बारीक टोपी नखाने खरवडली. "इथं रंग कोणी दिला?"

"म्याच. दर दसऱ्याला खालून सगळा काळा रंग देतो. लक्ष्मी हाय ती आमची."

"लक्ष्मीचं नाक बुजवलंत, नाना! आतली गरम हवा इथून निघते. ती कोंडली, सील फोडून तेल बाहेर गेलं."

नाना चिखलातच बसले. "म्या माझ्या हातानं..."

"मागून रडा," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आधी मला पोचवा."

भिकनने टोपी मोकळी केली, तेल ओतलं आणि मागच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट सोडवून काकूंच्या पायाशी ठेवला. "आता फक्त पुढची चाकं ओढतील. आत तुकडा अडकला तर मागचं चाक जाम होईल. सावकाश, देवाचं नाव घेत चला."

मित्रांनो, तो चढ मी कशी चढले ते माझं मला ठाऊक. चाकं घसरत होती. पोटात चुरा करकरत होता. काकूंचा जप मध्येच थांबायचा, तेव्हा मला वाटायचं, संपलं. पुन्हा पुटपुट ऐकू आली की मी आणखी हातभर पुढे सरकायचे.

नाशिकला दवाखान्याच्या दारात पोचलो, तेव्हा काकूंचे ओठ निळे पडले होते. त्यांना धावतच आत नेलं. दोन तासांनी सिस्टर बाहेर आल्या. "यंत्र सुरू आहे. धाप जरा कमी झालीय. पण काका, अजून काही सांगता येत नाही."

नानांनी हात जोडले. चहाला गेले नाहीत. ओल्या फरशीवर पोतं टाकून माझ्याखाली शिरले आणि एकेक नट, एकेक सील बोटाने चाचपत राहिले.

मला हार घाला, कुंकू लावा, मला आवडतं. पण मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुमचं माणूस बसवता, त्याच्याखाली वाकून एकदा तरी बघा.