रिकाम्या खोलीतला दिवा

पीटरनेल मावशीच्या अंगणातून समुद्र दिसत नाही, बांध दिसतो. बांधापलीकडे तिचं खाजण. ओहोटी लागली की ती गुडघ्यापर्यंतचे बूट चढवते, सुरी घेते आणि खारी भाजी कापायला उतरते. गेली सव्वीस वर्षं त्याच फेरीत ती माझ्या प्रयोगशाळेसाठी दोन बादल्या भरते. एकीत चिखल, दुसरीत त्या चिखलात बिळं करून राहणारे, तांदळाच्या दाण्याएवढे झिंगे. भरता भरता गुणगुणते:

पाणी गेलं दूरदेशी, चिखल माझा उघडा पडे
एवढ्याशा बिळामंदी जीव मुठीत धरून दडे

माझं सगळं काम त्या झिंग्यांच्या जिवावर. गाळात कुठलं विष किती, हे यंत्र सांगतं. तिथे जगता येतं का, ते झिंग्यालाच विचारावं लागतं. बरणीत गाळ घालायचा, वर स्वच्छ समुद्राचं पाणी, त्यात वीस झिंगे सोडायचे. दहा दिवसांनी चाळून जिवंत मोजायचे. शेजारी एका बरणीत मावशीचा चिखल असतोच. त्यातलेच झिंगे मेले, तर बाकीच्या मोजणीला काही अर्थ नाही.

या खेपेला गाळ आमच्याच जुन्या बंदरातला होता, पाच जागांचा. आणि निकालाची वाट पाहत होती मावशीच. तिचं खाजण दर हिवाळ्यात हातभर झिजत चाललं होतं. गाळ निर्धोक ठरला तर बोटीने आणून तिथे पसरणार होते. विषारी ठरला तर तो लांबच्या बंद खड्ड्यात जाणार. आणि दुसरा गाळ कुणी देणार नव्हतं.

मंगळवारी मी मोजले. पाचही बरण्यांत सतरा, अठरा, एकोणीस. मावशीच्या चिखलात वीसच्या वीस. मी लगेच फोन केला.

ती आली ती बोलस, म्हणजे दालचिनीचे चिकट गोड पाव, घेऊनच. कॉफी ओतली, अहवालाचा कागद टेबलावर होता, सही तेवढी राहिली होती. मी आकडे वाचले. बोटाला लागलेला पाक मावशीने हळूच चाटला आणि डोळे पुसले.

"माझ्यानंतरही भाजी उगवेल म्हणायची," ती म्हणाली. मग नेहमीची मावशी परत आली. "पण तुम्ही सरकारी माणसं भारी उधळी हं, क्रिना! शनिवारी समुद्राचं पाणी ठेवायला आले, तर बरण्यांच्या खोलीत लख्ख दिवा, आणि माणूस एक नाही. म्हटलं, यांच्या आयांनी यांना काही शिकवलंच नाही. केला बंद."

माझ्या हातातला बोलस हातातच राहिला.

सोमवारी माझा मदतनीस वाउटर माझ्याआधी आला होता. त्याला विचारलं. "हो, अंधार होता खरा," तो म्हणाला. "लावला मी. का?"

"अगं पोरी, काय झालं? चेहरा का असा?" मावशीने विचारलं.

सांगावं लागलं. तो दिवा आम्ही दिवसरात्र मुद्दाम जळत ठेवतो. उजेडात झिंगे बिळात राहतात. अंधार झाला की बाहेर येतात आणि वरच्या स्वच्छ पाण्यात पोहत बसतात. दोन दिवस ते गाळात होते की गाळावर, कोण सांगणार? दारावर पाटी हवी होती. आमच्यात सगळ्यांना ठाऊकच असतं म्हणून मी ती कधी लावलीच नव्हती.

"म्हणजे हे आकडे?"

"असतीलही खरे," मी म्हणाले. "अगं मावशी, वाउटर आणि आपण दोघी सोडून हे कुणाला..."

पुढचं माझ्या तोंडून निघेना. आज लिहितानाही त्या अर्ध्या वाक्याची लाज वाटते.

तिने कागद उचलला आणि माझ्या पुढ्यात उलटा ठेवला.

"सव्वीस वर्षं तू माझ्याकडून चिखल का नेतेस? तिथे काही मरत नाही म्हणूनच ना? मग झिंग्यांना न विचारता त्याच्यावरच काय ओतायला निघालीस? पुन्हा कर."

"उलटं निघालं तर?"

"तर माझं नशीब. बादल्या कुठायत? दोनला ओहोटी आहे."

पुन्हा केलं. दिव्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली. वर मावशीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पीटरनेल, हात लावू नकोस.

दहा दिवसांनी ती माझ्या शेजारी उभी राहून चाळणीत पाहत होती. बंदराच्या तोंडाकडच्या तीन बरण्यांत अठरा, अठरा, एकोणीस. जुन्या बोटी रंगवायच्या उताराजवळच्या दोन बरण्यांत सहा आणि चार. मागच्या खेपेला त्याच दोन जागांच्या बरण्यांत सतरा सतरा होते.

मावशीने चाळणीवर हात ठेवला. "हे माझ्या भाजीत गेलं असतं," एवढंच म्हणाली.

उताराजवळचा गाळ बंद खड्ड्यात गेला. उरलेल्या तीन जागांचा खाजणात आला. त्याने बांधाकडची बाजू उचलली गेली. समुद्राकडची अजून झिजते, आणि मावशी ते रोज पाहते.

वाचलेले झिंगे आम्ही दोघींनी बादलीतून परत नेले. ती वाकली, बादली हलकेच कलती केली आणि म्हणाली, "जा बाळांनो, लई उपकार झाले तुमचे."

मी तिच्या मागे उभी होते. मलाही तेच म्हणायचं होतं, तिला. म्हटलं.

"पुरे," ती म्हणाली, "दारातच बूट काढ हं, नाहीतर घरात चिखल आणशील."