बचावलेल्यांची रांग

“पाणी की रस्ता?” कात्रीबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

शेजारच्या टेबलावरचा कारकून चहात बिस्किट बुडवत होता. “काय झालंय?”

“बस पुलावरून नदीत. एकोणीस गेले.”

“बुडून गेले की आपटून?”

“ते दिलेलं नाही.”

“मग निम्मे निम्मे करा,” कारकून म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्याचं बिस्किट कपात गळून पडलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बातमी पुन्हा एकदा वाचली, लांब पात्याच्या कात्रीने तिच्या चारही कडा सरळ कापल्या, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवली, वर तारीख घातली आणि कागद ‘पाणी’ लिहिलेल्या पाकिटात सरकवला.

विमा कंपनीच्या त्या कचेरीत बाई एकोणतीस वर्षं हेच करत आल्या होत्या; कात्रीबाई हे नाव त्यावरूनच पडलं होतं. रोज सहा वर्तमानपत्रं आणि सात पाकिटं: आग, पाणी, रस्ता, वीज, विष, पडझड आणि इतर. नियम एकच होता. नुकसान झालं असेल तरच बातमी कापायची. ‘थोडक्यात बचावले’, ‘बेपत्ता मुलगा सुखरूप सापडला’ असलं काही आलं की ते केराच्या टोपलीत. नियमात वाकडं काही नव्हतं. वाचलेल्या माणसांचं विमा कंपनीने करायचं काय? वाकडं झालं ते बाईंचं. पाकिटात जे उरत गेलं त्यालाच त्या जग समजत गेल्या. आपण त्यांना हसायचं कारण नाही. त्यांना निदान त्या बातम्या वाचायचा पगार मिळत होता. आपण पदरचे पैसे घालून वाचतो.

एकुलत्या एका मुलीला त्यांनी सायकल दिली नाही, कारण रस्ता. पोहायला पाठवलं नाही, कारण पाणी. शाळेच्या सहलीला रस्ता आणि पाणी दोन्ही आडवे आले. बागेतल्या झोपाळ्यावर बसायची परवानगी होती, पण झोका घ्यायचा नाही. नवरा या सगळ्याला हसायचा. “अगं, मन चिंती ते वैरी न चिंती,” म्हणायचा. एका रविवारी दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर तो झोपेतच गेला. हे मरण कुठल्याच पाकिटात बसलं नाही. बाईंनी त्यातून एवढाच धडा घेतला की यापुढे आणखी जपायला हवं.

मुलगी आता एकतीस वर्षांची होती. एका बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बिया मांडून त्यांतल्या किती उगवल्या ते मोजायची. तीन आठवड्यांपूर्वी तिला एक पत्र आलं होतं. समुद्रातल्या एका बेटावर मोठं वनस्पती उद्यान होतं, तिथल्या रोपवाटिकेची प्रमुख म्हणून तिची निवड झाली होती. राहायला घर, हाताखाली सहा माणसं. शेवटच्या ओळीत तिच्या कामाचं कौतुकही होतं. बेटावर जायला बोटीचे चार तास.

“बोट!” एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

भांडण त्यांनी केलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना एक कात्रण घेऊन आल्या आणि मुलीच्या ताटाखाली सरकवून ठेवलं. मग रोज एक. बोट उलटली, बोटीला आग लागली, बोट धुक्यात खडकावर गेली. मुलगी जेवून उठली की कात्रण वाचायची, घडी घालायची आणि म्हणायची, “बघते.” उत्तर कळवायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. त्यासाठी मुलीने आज रजा काढली होती. सकाळी निघताना बाईंनी आणखी दोन कात्रणं टेबलावर ठेवून, वर मिठाची बाटली ठेवली होती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर नवे साहेब बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वयाने मुलीएवढेच असतील.

“मॅडम, शुक्रवारी तुम्ही रिटायर होताय ना? मग हे कात्रणांचं कपाट आजच तळघरात पाठवून देऊ या.”

“पण रोजची भर कोण घालणार?”

“कोणी नाही. म्हणजे...” साहेब जरा घुटमळले. “मी चौकशी केली. ही कात्रणं अकरा वर्षांत कोणी मागितलेलीच नाहीत. कळवायचं राहून गेलं असणार.”

ते इतक्या सहज म्हणाले की बाईंना रागसुद्धा वेळेवर आला नाही. साहेब गेल्यावर त्यांनी डिंकाच्या बाटलीला बूच लावलं, या वर्षाची सात पाकिटं छातीशी धरली आणि तळघराचा जिना उतरायला लागल्या. एकोणतीस वर्षांत त्या खाली कधी गेल्या नव्हत्या. जिना म्हणजे पडझड.

तळघर सांभाळणारे काका स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी पाकिटांकडे बघितलं आणि मान हलवली. “बाई, इथे मुंगी शिरायला जागा नाही.”

खरंच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एकामागे एक, दिवा पोहोचत नव्हता तिथपर्यंत. प्रत्येक मांडणीत फायली दाटीवाटीने उभ्या.

“एवढे अपघात?” बाईंच्या तोंडून गेलं.

काका खो खो हसले. “अपघात? अपघातांचं ते कोपऱ्यातलं एक कपाट. या सगळ्या मुदतीच्या फायली. यांचं काही झालं नाही.”

“काही म्हणजे?”

“काही म्हणजे काही नाही. विमा घेतला, जगले, मुदत संपली, फाईल बंद. वीस वर्षं, तीस वर्षं. बसा तुम्ही, उभ्या का?”

बाई बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “बोटीने जाणारे असतील यात?”

“ती बघा, ती अख्खी रांग. बेटांवर जाणाऱ्या बोटींचे लोक. खलाशी आहेत, तिकीट फाडणारे आहेत, रोज येणारे-जाणारे आहेत.”

बाईंनी पाकिटं जमिनीवर ठेवली आणि हाताला येईल ती फाईल ओढली. एक शाळामास्तर होता. सव्वीस वर्षं रोज सकाळी बोटीने जवळच्या एका बेटावर शिकवायला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. शेवटच्या पानावर जांभळा शिक्का होता, ‘दावा नाही’. दुसरी फाईल दाईची, एकोणीस वर्षं, दावा नाही. तिसरी बोटीवर चहा विकणाऱ्याची. चौथ्या फायलीतल्या बाईने तर आठ मुलांसह आयुष्यभर त्याच बोटीतून ये-जा केली होती आणि पत्ता बदलल्याचे सात अर्ज दिले होते. दावा नाही, दावा नाही, दावा नाही. बाई फायली ओढत राहिल्या. त्यांचे हात धुळीने काळे झाले. अर्ध्या तासाने काकांनी बघितलं तर बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि रडत होत्या. पण चेहरा हसरा होता.

“बाई, पाणी आणू?”

“काका, अहो, एवढी माणसं! आणि मला एकाचंही वाचायला मिळालं नाही.”

“छापतंय कोण?” काका म्हणाले. “मास्तर आज घरी पोहोचला, ही काय बातमी झाली?”

वर जाऊन बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रस्त्यात एक रंगारी उंच शिडीवर उभा राहून शीळ घालत होता आणि पडत नव्हता. दोन मुली एकाच सायकलवरून उतारावर ओरडत गेल्या आणि कोपऱ्यावर नीट वळल्या. बाईंना अतिशय आनंद झाला होता. हा आनंद खरा होता, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तो त्यांना जेमतेम पाऊण तास मिळाला.

घरी पोहोचल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते. दार उघडण्याआधी मुलीने आतून दोनदा “कोण?” म्हणून विचारलं, मग साखळी लावून फटीतून बघितलं.

“तू जा,” बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “बेटावर जा. आत्ता कळव.”

“आई, आधी आत ये. हात केवढे काळे झालेत! पडलीस का कुठे?”

बाईंनी तिला सगळं सांगितलं. मांडण्या, मास्तर, दाई, आठ मुलांची बाई. सांगताना त्यांचे शब्द एकमेकांच्या पायात येत होते. मुलीने ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसले आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तर सव्वीस वर्षं वाचला ना,” ती म्हणाली, “मग कुणाची तरी पाळी शिल्लकच असेल की.”

“अगं, असं नसतं!”

“तूच आणलेलं कात्रण आहे. तीस वर्षं काही न झालेली बोट, एकतिसाव्या वर्षी बुडाली. चौतीस माणसं. ‘पाणी’, गेल्या मंगळवारचं.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पाढा म्हणावा तसं ती म्हणत होती.

“ती सगळी कात्रणं फाडून टाक. चुकलं माझं. ऐकतेस ना? मी चुकले.”

“तू दमली आहेस, आई.”

शेवटी बाईंनीच पत्रावरचा क्रमांक बघून फोन लावला. पलीकडून उद्यानाच्या संचालिकाबाईंचा मोकळा आवाज आला. “अहो, तुमच्या मुलीचीच वाट बघतोय आम्ही! द्या तिला.” बाईंनी फोन मुलीच्या हातात कोंबला. मुलीने तो कानाला लावला. पलीकडचा आवाज बराच वेळ बोलत होता, घराच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगत होता. क्षणभर मुलीचा चेहरा असा उजळला की बाईंना वाटलं, झालं, गेली ही.

“घर छान आहे हो,” मुलगी म्हणाली. “पण आईची तब्येत बरी नसते. तिला एकटं सोडता येणार नाही. हो, नक्की. दुसऱ्या कुणाला तरी घ्या.”

फोन ठेवून तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आईला मिठी मारली.

“माझी तब्येत ठणठणीत आहे,” बाई तिच्या खांद्यावरून म्हणाल्या.

“असू दे गं. काहीतरी सांगायला हवं ना.” मुलगी हसली. “तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी होकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. पाकीटसुद्धा चिकटवलं होतं, सकाळी टाकणार होते. रात्री तू ताटाखाली ते पहिलं कात्रण ठेवलंस. वेळेवर सावध केलंस, आई. नाहीतर मी गेलेच असते.”

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण बाईंनी दुसऱ्यांना अनेकदा ऐकवली होती. आज त्या म्हणीत स्वतःच उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्या खुर्चीवर बसल्या. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि त्या दहा मिनिटांत करण्यासारखं आता कोणाकडेच काही नव्हतं.

मुलगी गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद असल्याचं तिने बोट लावून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत द्राक्षं होती. प्रत्येक द्राक्षाचे उभे दोन तुकडे केलेले होते. ती लहान असताना घशात अडकू नयेत म्हणून बाई अशीच चिरून द्यायच्या, दहा वर्षांची होईपर्यंत.

“माझ्यासाठी कशाला चिरलीस?” बाईंनी विचारलं.

“वय झालं की गिळायला त्रास होतो. हळू खा.”

बाईंनी एक तुकडा तोंडात घातला. तो गिळून होईपर्यंत मुलगी त्यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग तिने वाटी पुन्हा पुढे केली.