शेवंताची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची पाटी आहे, आणि आधीच सांगते, माझा स्वभाव मत्सरी आहे. पाळी गावच्या एका कारागिराने मला विणले. शेवंताने माझ्या काठाला आपल्या लग्नातल्या लुगड्याची लाल चिंधी गुंडाळली, म्हणजे बाजारात मी ओळखू यावी.

शेवंताचा नवरा मोरजीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचे लांबलचक जाळे, ओढायचा. पण मासळी एकदा वाळूवर आली की पुढचे सगळे शेवंताचे. काय विकायचे, काय सुकवायचे, ते तीच ठरवायची. डोक्याला भार रुतू नये म्हणून कापडाची चुंबळ, चुंबळीवर मी, अशा आम्ही बसने पेडण्याच्या बाजारात जायचो. घरी आल्यावर ती आधी मला धुऊन उन्हात ठेवायची आणि मग स्वतः जेवायची. मला त्याचा भारी तोरा होता.

पुढे सून आली, सेजल. तिच्यामागून स्कूटर आली आणि स्कूटरवर बसून तो निळा बर्फाचा डबा आला. सेजल तुयेच्या कारखान्यांपर्यंत मासळी पोचवू लागली. डब्याला रोज साबणाची आंघोळ मिळे. मी मात्र परसात, पोटात गवत आणि गवतावर खुडूक कोंबडी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याचे झाकण फुटावे म्हणून मी देवाला नवससुद्धा बोलले.

मग शेवंताचे गुडघे धरले आणि तिची बाजारातली जागा सेजलकडे आली. आमच्या बाजारात एक रीत आहे. पहाटे ज्या बाईची पाटी उपडी मांडलेली असेल, ती जागा तिची. पाटी कोणी हलवत नाही. सेजलने तिथे डबा ठेवला आणि ती बर्फ आणायला गेली. परत येऊन बघते तर डबा गटाराकडेला, आणि जागेवर एका टेम्पोवाल्याचे निळे क्रेट.

"सुविधाकाकी, तुमी कोण कायच बोलूक नाय?" तिने शेजारच्या मासळीवालीला विचारले. तिचे डोळे भरले होते.

"निळो डबो कोणाचोय असता गे," सुविधा म्हणाली. "त्याचोय निळोच. शेवंताची पाटी खंय आसा?"

सेजल तशीच स्कूटरवरून घरी सुटली. कोंबडी आरडाओरडा करत उडाली आणि मी स्कूटरवर बसले, डब्याच्या जागी! बाजारात माझी लाल चिंधी दिसताच सगळ्या बायका उठल्या. टेम्पोवाल्याने मुकाट्याने क्रेट उचलले.

मी जागेवर उपडी बसले. आता बघ म्हणावे डब्याला, असे मनात म्हणते आहे, तोच सेजलने तो डबा उचलून माझ्याच पाठीवर ठेवला. तेव्हापासून रोज हेच चालू आहे. जन्मभर मी शेवंताच्या डोक्यावर बसले, आता माझा वैरी माझ्या डोक्यावर.

हेवा गेला का? छे, अजून जळते. मित्रांनो, नव्याचे कौतुक खुशाल करा, पण त्याच्या भाराखाली जे जुने आहे, तिकडेही एकदा बघा. ओला बांबू कुजतो. त्यालाही ऊन लागते.

काल शेवंता काठी टेकत बाजारात आली. माझ्यावरचा डबा तिने बराच वेळ पाहिला.

"सेजल," ती म्हणाली, "भार ठेवचे आदी चुंबळ दी गे तिका."

सेजलने डबा उतरवला, आपली ओढणी गोल वळली आणि माझ्या पाठीवर ठेवली.