फ्लॅशशिवाय

नवा कॅमेरा निवडताना मी मालाडच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. मला एकच हवं होतं. लग्नाच्या हॉलच्या मंद उजेडात फ्लॅश न मारता माणूस आहे तसा यायला हवा. शेवटी घेतला एकदाचा.

त्यावर काढलेलं पहिलंच लग्न दहिसरचं. समईच्या उजेडात नवरी, कल्पिता, अशी काही सुंदर आली, सावळी, तेजदार, की मी धावत जाऊन तिला स्क्रीनवर दाखवलं.

तिचा चेहराच पडला. "दादा, काळी दिसतेय ना मी! फ्लॅश मारा ना."

झक मारत जुना फ्लॅश लावला. भिंतीला चुना मारावा तशी पांढरी आली. सासूने तो फोटो बघितला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्ता कशी आमच्या घरची वाटतेस!"